दिनविशेष : ९ ऑगस्ट

२०२४ : मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवर घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली होती. ‘उद्या टिळा लावणाऱ्यांनाही रोखणार का? काय घालायचे हे सांगून मुलींना सक्षम कसे करणार?’ अशा आशयाचे प्रश्न न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने विचारले. वर्गात चेहरा झाकण्यास मात्र परवानगी दिली नाही.

डोके झाकायला मुभा, पण वर्गात चेहरा झाकायला नाही, ही रेघ आजही महत्त्वाची आहे. चेहरा झाकण्याची सक्ती जाचकच. पण तिच्यावरचा उतारा म्हणून फाटकावर अडवले, तर शिक्षा सक्ती करणाऱ्याला होत नाही, शिकायला निघालेल्या मुलीला होते. घरचे आधीच नाराज असतील, तर तिचे कॉलेज कायमचे सुटते. घुंघट आणि बुरखा दोन्ही ओळखीचे असलेल्या गावांनाही हे लागू आहे. पदवी हातात आली, चार पैसे कमावता आले, की पडदा ठेवायचा की टाकायचा हे तिला स्वतः ठरवता येते. म्हणून आधी तिला वर्गात बसू द्या.