एक मोहम्मद गेले, बाकीचे राहिले

जीप म्हटली की आपल्याला महिंद्रा आठवते. पण 1945 साली कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. पुढच्याच वर्षी माझगावात विलीज जीप जुळवल्या जाऊ लागल्या. नंतर कांदिवलीत कारखाना आला.

एक मोहम्मद गेले, पण जीप दुरुस्त करणारे कितीतरी मोहम्मद इथंच राहिले. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा जुन्या जीपांत डिझेल इंजिन बसवायचं काम गॅरेजांकडे आलं. ऐंशीच्या दशकात कुर्ला-घाटकोपरला मी ते पाहिलं आहे. डिझेल इंजिन जड. पुढचे पाटे दबत, म्हणून उस्ताद एखादा पाटा वाढवत. गाडी ओढायला दमदार, पळायला मात्र मंद. मध्येच बंद पडली तर आधी डिझेलच्या नळीतली हवा काढायची. फिल्टरचा नट सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. उस्ताद हे उर्दूत सांगत, हाताखालचा पोऱ्या मराठीत ‘झालं’ म्हणे.

आज इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते आणि पुस्तकात नोंद करावी लागते. त्या उस्तादांची नोंद मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून ती इथं केली.