सोन्याच्या विजारीची कुळकथा

कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला पुष्कळ बक्षिसं मिळू शकतात. त्यांतलं आकाराने सगळ्यात लहान बक्षीस म्हणजे गळ्यातल्या साखळीत ओवता येईल एवढी सोन्याची विजार. तिच्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरं, वर्ष आणि एका सामन्याचे गुण कोरलेले असतात. ती मिळण्याचं कारण एकच : त्या वर्षी मिशिगन विद्यापीठाला हरवलं. बाकी सगळे सामने जिंकले आणि हा एक हरला, तर विजार नाही.

हा फुटबॉल अमेरिकी. चेंडू लांबुळका, तो हातात धरून धावायचं, आणि अंगात गुडघ्यापर्यंतची घट्ट विजार. लॉकेट आहे ते याच विजारीचं. आज ते विजयाचं चिन्ह म्हणून दाखवतात. मला मात्र त्याच्या मुळाशी विजयापेक्षा धास्ती जास्त दिसते. सामन्याच्या आठवडाभर आधीपासून पोटात गोळा येणाऱ्या, ‘यंदाही तेच होणार’ असं मनाशी धरून बसलेल्या एका गावाने हे लॉकेट घडवलं.

ओहायो आणि मिशिगन यांचं वैर सांगताना सुरुवात बहुधा 1835 सालापासून करतात. टोलेडोजवळच्या जमिनीच्या पट्ट्यावरून दोन्हीकडच्या स्वयंसेवक फौजा तेव्हा समोरासमोर आल्या होत्या. रक्त सांडलं ते एका शेरीफच्या मदतनिसाचं, तेही चाकूच्या वाराने. टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला उत्तरेकडचा द्वीपकल्प मिळाला आणि 1837 मध्ये राज्याचा दर्जा. हे सगळं खरं आहे, पण मैदानावरच्या दुखण्याला एवढं जुनं कारण शोधायची गरज नाही. मैदानावर जे घडलं ते पुरेसं होतं.

पहिला सामना 1897 मध्ये मिशिगनच्या गावात, ॲन आर्बरला झाला. मिशिगन 34, ओहायो स्टेट शून्य. 1902 मध्ये तर 86–0. पहिल्या पंधरा सामन्यांत ओहायो स्टेटच्या वाट्याला तेरा पराभव आणि दोन बरोबऱ्या आल्या. पहिला विजय उजाडायला 1919 साल यावं लागलं. कोलंबसमध्येच वाढलेल्या चिक हार्ली या मुलाने गावाला वेड लावलं होतं आणि त्या वर्षी त्याच्या संघाने मिशिगनला 13–3 असं हरवलं. पुढची दोन वर्षंही जिंकली. या उत्साहाच्या लाटेवरच घोड्याच्या नालेच्या आकाराचं ते भव्य काँक्रीटचं स्टेडियम उभं राहिलं. ऑक्टोबर 1922 मध्ये त्याचा समर्पण सोहळा ठरला, तो मुद्दाम मिशिगनच्या सामन्यालाच. मिशिगनने तो 19–0 असा जिंकला. स्वतःच्या वास्तुशांतीची पंगत शेजाऱ्याने उठवून लावावी, तसा तो दिवस गेला. त्यानंतरची पाच वर्षंही मिशिगनचीच होती. 1927 मध्ये मिशिगनने आपल्या नव्या स्टेडियमचं समर्पण केलं तेव्हा समोर ओहायो स्टेटच होतं, आणि निकाल 21–0.

1933 चा मोसम या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सॅम विलामन या प्रशिक्षकाच्या हाताखाली ओहायो स्टेटने त्या वर्षी आठांपैकी सात सामने जिंकले. कुठल्याही गावाने अशा माणसाला डोक्यावर घेतलं असतं. पण हरलेला एकुलता एक सामना मिशिगनविरुद्धचा होता, 13–0. आदल्या वर्षीही 14–0 असाच पराभव होता. समोरचा हॅरी किप्कीचा संघ त्या दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला होता, हे कारण कोलंबसच्या चाहत्यांना पुरेसं वाटलं नाही. मोसम संपल्यावर विलामनला जावं लागलं. तोवर दोन्ही संघांत तीस सामने झाले होते : मिशिगनचे बावीस, ओहायो स्टेटचे सहा, बरोबरीत दोन.

चाहत्याची ही तक्रार बाहेरच्याला अन्यायाची वाटेल. तशी ती आहेही. पण तिचं कारण समजून घ्यायला हवं. सात विजयांचा आनंद त्या त्या शनिवारी संपतो. मिशिगनकडून झालेला पराभव वर्षभर घरात राहतो. दुसऱ्या दिवशी कामावर, चर्चमध्ये, नाताळच्या जेवणावर तोच विषय. आणि वर्षामागून वर्ष तेच घडलं की चाहता हरण्यापेक्षा हरण्याची वाट बघण्याने जास्त थकतो. समोरचा संघ त्याला माणसांचा वाटेनासा होतो.

या थकलेल्या गावात 1934 मध्ये टेक्सासहून फ्रान्सिस श्मिट आला. उंच, मोठ्या आवाजाचा आणि डावपेचांनी झपाटलेला हा माणूस सापडेल त्या कागदावर चाली काढत बसायचा. त्याच्याबद्दलची एक गोष्ट अजून सांगतात. गाडी दुरुस्तीला दिली होती, ती वर उचलून धरलेली होती आणि श्मिट आतच बसून चाली आखत होता. विचारांच्या तंद्रीत त्याने दार उघडलं आणि सरळ खाली पडला. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्याला ओळखणाऱ्यांना ती पटायची.

कोलंबसला आल्यावर त्याला अर्थातच पहिला प्रश्न मिशिगनचा आला. त्याचं उत्तर साधं होतं : तीही चार माणसांसारखीच माणसं आहेत, विजार चढवताना एका वेळी एकच पाय घालतात. हे बोलणं त्याने शोधून काढलेलं नव्हतं, ते लोकांच्या तोंडी होतंच. पण त्या वर्षी, त्या गावात, ते ऐकायची लोकांना गरज होती. त्यात मिशिगनला कमी लेखणं नव्हतं, बढाई नव्हती. भीतीने फुगवलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याने पुन्हा माणसाच्या उंचीवर आणून ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये कोलंबसला सामना झाला आणि ओहायो स्टेटने तो 34–0 असा जिंकला. सदतीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या पराभवाचेच आकडे, बाजू तेवढी उलटी. किप्कीचा संघ त्या वर्षी पार कोसळला होता. आठांपैकी एकच सामना त्याला जिंकता आला. त्या दुबळ्या संघात मधल्या जागी झुंजत राहिलेल्या एका खेळाडूला सहकाऱ्यांनी वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून निवडलं. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

विजयानंतर सायमन लॅझरस आणि हर्बर्ट लेव्ही या कोलंबसच्या दोन नागरिकांनी श्मिटच्या त्या वाक्याला सोन्याचं रूप दिलं. लॅझरस हे शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाचं घराणं. दोघांनी ‘गोल्ड पँट्स क्लब’ काढला आणि मिशिगनला हरवणाऱ्या संघातल्या खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना सोन्याची विजार देण्याची प्रथा पडली. कल्पना विद्यापीठाच्या कचेरीतून किंवा क्रीडासंघटनेच्या नियमातून आली नाही, गावातून आली. जे वर्षानुवर्षं बाकांवर बसून हात चोळत होते, त्यांनीच आपल्या बाजूने मुलांना हे देणं देऊ केलं. त्यामुळे मला ती पदकापेक्षा फेडलेल्या नवसासारखी वाटते.

श्मिटने पुढची तीन वर्षंही मिशिगनला एक गुण घेऊ दिला नाही. चार सामन्यांत मिळून 114–0. मग मात्र वारं फिरलं. 1938 पासून तीन पराभव झाले, त्यांतला शेवटचा 1940 मधला, मिशिगनच्या टॉम हार्मनने कोलंबसमध्येच येऊन केलेला 40–0. ज्याच्या वाक्यामुळे विजार जन्माला आली, त्या श्मिटलाही त्या मोसमानंतर पद सोडावं लागलं.

1935 पासून हा सामना मोसमाच्या शेवटी खेळण्याची रीत पडली, आणि त्याने चाहत्याची घालमेल आणखी वाढवली. आधीचे सगळे विजय हातात घेऊन, ते एका दुपारी मातीमोल होतील का, या भीतीत शेवटचा आठवडा काढायचा. प्रशिक्षक जॉन कूपरच्या काळात हे सारखं घडलं. 1993, 1995 आणि 1996 या तिन्ही वर्षी त्याचा संघ एकही पराभव न होता मिशिगनपर्यंत पोचला आणि तिथे हरला. मिशिगनविरुद्धच्या तेरा सामन्यांत दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारतात, मिशिगनचं नाव न घेता ‘वरच्या बाजूचा तो संघ’ म्हणतात. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण नाव तोंडातून निघालं तरी अपशकुन होईल ही धडधड त्यामागे आहे.

2010 च्या डिसेंबरमध्ये विजारीची एक दुःखद बाजूही पुढे आली. पाच खेळाडूंनी मिळालेल्या वस्तू विकल्याचं किंवा गोंदवून घेण्याच्या बदल्यात दिल्याचं उघड झालं, त्यांत सोन्याच्या विजारीही होत्या. खेळाडूंना निलंबन, 2011 मध्ये प्रशिक्षक जिम ट्रेसलचा राजीनामा, आणि 2010 च्या मोसमातले विजय, मिशिगनवरचासुद्धा, नोंदीतून रद्द. गावाला विकण्याचा राग आलाच. मला त्या मुलांचीही बाजू दिसते : त्यांच्या खेळावर कोट्यवधी डॉलरची उलाढाल चालायची आणि त्यांना स्वतःच्या नावाचा एक पैसाही घेण्याची तेव्हा मुभा नव्हती. तरीही गावाला टोचलं ते पैशाचं नव्हे. शेजारच्या दुकानदारांनी कृतज्ञतेने सुरू केलेल्या वस्तूला किंमत लावली गेली, हे टोचलं.

2020 चा सामना महामारीमुळे झाला नाही. नंतर 2021 ते 2024 सलग चार वर्षं मिशिगन जिंकलं. 2024 चा पराभव तर कोलंबसमध्ये, 13–10, आणि तो मिशिगन संघ त्या वर्षी मुळीच बलाढ्य मानला जात नव्हता. दोनच महिन्यांनी, जानेवारी 2025 मध्ये, ओहायो स्टेटच्या याच खेळाडूंनी नोटर डेमला 34–23 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 2021 मध्ये दाखल होऊन चार वर्षं ओहायो स्टेटकडून खेळलेली मुलं राष्ट्रीय विजेत्याची अंगठी घेऊन बाहेर पडली. सोन्याची विजार त्यांच्यापैकी एकाकडेही नाही.