विद्यापीठाला कोटीचा प्रकल्प मिळतो म्हणजे नक्की काय मिळतं? प्राध्यापकांच्या संशोधन निधीची सोप्या भाषेत माहिती

राहुरी : "कृषी विद्यापीठाला अमुक कोटींचा संशोधन प्रकल्प मंजूर" अशी बातमी आली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज पडतात. काही जण अभिनंदनाचे हात जोडतात, आणि कुणीतरी हमखास विचारतो, "एवढे पैसे जातात कुठं?" प्रश्न रास्त आहे. विद्यापीठासाठी राहुरी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत, निधी जातो तो करातून, आणि ट्रायलचं पीक बऱ्याचदा आपल्याच वावरात उभं राहतं. म्हणून हा व्यवहार कसा चालतो ते माहीत असलेलं बरं.

पहिला गैरसमज काढून टाकू. प्रकल्प मंजूर होतो म्हणजे प्राध्यापकाच्या खात्यावर रक्कम पडत नाही. रक्कम विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर येते. ज्याच्या नावाने प्रस्ताव गेला तो प्राध्यापक 'प्रमुख संशोधक' असतो. सरकारी अनुदानाच्या प्रकल्पात त्याला साधारणपणे वेगळा पगार मिळत नाही. निधी मंजूर होतानाच त्याचे कप्पे पडलेले असतात : यंत्रसामग्री, नेमणुका, केमिकल-बियाणं-मजुरी, प्रवास, किरकोळ आणि संस्थेचा वरखर्च. प्रवासाचे पैसे सहसा यंत्राला वापरता येत नाहीत, त्यासाठी वरून परवानगी लागते. वर्षाअखेर 'उपयोगिता प्रमाणपत्र' द्यावं लागतं, म्हणजे अमुक आले, अमुक खर्च झाले, एवढे शिल्लक. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो. प्रकल्प संपल्यावर यंत्र संस्थेकडे राहतं, शिल्लक रक्कम परत जाते.

नेमणुकांच्या कप्प्यावर गावाकडच्या पोरांनी लक्ष ठेवायला हवं. नेट वगैरे पात्रता असलेल्या कनिष्ठ संशोधन सहायकाची, म्हणजे जेआरएफची, केंद्राच्या विज्ञान प्रकल्पातली फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं अशी आहे. त्याखाली प्रकल्प सहायक, क्षेत्र सहायक अशा हंगामी जागा असतात. जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर येते, मुदत थोड्याच दिवसांची असते आणि बऱ्याचदा थेट मुलाखत होते. एमएस्सी ॲग्री होऊन घरी बसलेल्या किती जणांनी ते पान उघडून बघितलं असेल, शंकाच आहे. मात्र प्रकल्प संपला की ही नोकरीही संपते, हे धरूनच जावं.

राहुरीचा पैसा येतो कुठून?

महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ ची. अहिल्यानगरसह पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातले दहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. कायम नोकरदारांचा पगार आणि इमारती हा मुख्यतः राज्य सरकारचा खर्च. संशोधनाचा मोठा आधार म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे 'अखिल भारतीय समन्वित प्रकल्प'. ज्वारी, कडधान्य, ऊस, पाणी व्यवस्थापन अशा विषयांवर देशभरातल्या केंद्रांत एकाच वेळी ट्रायल होतात. यातला ७५ टक्के खर्च परिषद देते आणि २५ टक्के राज्य.

ही परिषद १९२९ सालची, इंग्रजांनी काढलेली. तिच्या पैशातूनच १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना सुरू झाली. कर्जत, जामखेड, पारनेरकडच्या जिरायत माणसाला बांधबंदिस्ती, ओल टिकवण्यासाठी कोळपण्या, विरळ पेरणी या शिफारशी पाठ आहेत. त्यामागे त्या काळापासूनचं हे काम आहे.

रब्बी ज्वारीचंच बघा. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, आणि भारी जमीन असून पाण्याची सोय असेल तर फुले रेवती, अशी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणांची वाटणी राहुरीच्या ज्वारी सुधार प्रकल्पातून झाली. एक वाण सगळीकडे चालत नाही, हे सांगायला वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जमिनीत पेरत राहावं लागतं. दरवर्षी पाऊस वेगळा, त्यामुळे एका सालाचा निकाल धरून चालत नाही.

तीन वर्षांचा पैसा, दहा वर्षांचं पीक

माझ्या मते सगळी अडचण इथं आहे. बहुतेक प्रकल्प दोन ते पाच वर्षांचे असतात. पिकाचं काम तेवढ्यात होत नाही.

फुले २६५ उसाचं उदाहरण घेऊ. चोपण जमिनीतही तग धरणारा वाण म्हणून प्रवरा-मुळा पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्याचं कागदावरचं नाव 'को एम ०२६५'. 'को' म्हणजे कोइमतूर आणि 'एम' म्हणजे महाराष्ट्र. उसाला आपल्याकडे नीट तुरे येऊन बी धरत नाही. म्हणून संकर कोइमतूरला होतो, ते बी सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात येतं, आणि तिथं हजारो रोपांतून निवड करत करत मोजके वाण उरतात. हे केंद्र १९३२ सालचं आहे, आता ते राहुरी विद्यापीठाकडे आहे. निवडलेल्या उसाची मग आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा तिन्ही हंगामांत चाचणी होते. लागण तुटली की खोडवा बघायचा. उतारा किती, रोग किती, लोळतो का, हे सगळं मोजायचं. आडसालीची एक लागणच दीड वर्ष खाते. २६५ चा वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला २००७ मध्ये. पुढंही काही कारखाने नोंद घ्यायला कुरकुर करत होते, ती गोष्ट वेगळी.

असलं काम तीन वर्षांच्या प्रकल्पावर होऊच शकत नाही. ते झालं कारण पाडेगावचं केंद्र आणि समन्वित प्रकल्प दरवर्षी न चुकता चालू राहिले. लहान रक्कम, पण कायम. पेपरात मोठा मथळा मात्र एकरकमी कोटींच्या प्रकल्पाला मिळतो.

मोठ्या प्रकल्पाचा उपयोग नसतो असंही नाही. जागतिक बँक आणि केंद्र सरकारने निम्मा-निम्मा वाटा उचलून २०१७ मध्ये राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प आणला. देशभर मिळून तो १६ कोटी ५० लाख डॉलरचा होता. त्यातून राहुरीला हवामान अद्ययावत शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं प्रगत केंद्र उभं राहिलं. ड्रोन, सेन्सर, रिमोट सेन्सिंगची कामं तिथं झाली, विद्यार्थी परदेशात प्रशिक्षणाला गेले. पिकाला किती पाणी द्यायचं ते हवामान, जमीन आणि पिकाच्या वयावरून सांगणारं 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे मोबाईल ॲपही विद्यापीठाचं आहे. पण तो प्रकल्प मुदतीचा होता. मुदत संपल्यावर सेन्सर दुरुस्त कोण करणार, ॲप नव्या फोनवर चालतं ठेवायला माणूस कुठल्या कप्प्यातून ठेवणार, हे प्रश्न अशा प्रत्येक प्रकल्पानंतर उरतात. त्यात कृषी विद्यापीठांत मंजूर पदांपैकी बरीच रिकामी आहेत. शिकवायचं, ट्रायल बघायची, शिवार फेरीला थांबायचं आणि प्रस्तावही लिहायचा, हे एकाच माणसाच्या गळ्यात पडतं.

हप्त्याच्या वेळेचा घोळ तर शेतकऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. रब्बीची ट्रायल पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात. हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत आला तर वाफसा त्याची वाट बघत थांबत नाही, आणि मार्चएंडला खर्च दाखवायचा असतो.

शेती सोडून इतर विषयांचं काय?

प्रत्येक विषयाचं दार वेगळं. वैद्यकीय संशोधनाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. लोणीसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय विद्यापीठातले डॉक्टर तिथं प्रस्ताव पाठवू शकतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्राला १९६९ ची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. इतिहासाला १९७२ ची भारतीय इतिहास संशोधन परिषद. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी केंद्राचे विभाग, आणि राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकाला पुणे विद्यापीठाच्या छोट्या अनुदानाचाच काय तो आधार.

आता नवीन मोठी संस्था आली आहे ती 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान'. कायदा २०२३ चा, अंमल फेब्रुवारी २०२४ पासून. पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट आहे, पण त्यातले ३६ हजार कोटी उद्योग आणि देणगीदार अशा सरकारबाहेरच्या ठिकाणांहून यायचे आहेत. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार कोटी होता, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. त्यात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा साधारण नऊ टक्के.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. मागे राहिलेल्या लेकरांची शाळा, बायांचं आरोग्य, उचलीचा हिशोब हेही संशोधनाचेच विषय आहेत. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. फडावर जाऊन महिनोन्‌महिने बसणारी माणसं लागतात, तरी या विषयांच्या वाट्याला रक्कम नेहमी कमीच येते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जपले. बायफ संस्थेची साथ मिळाली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुढे राज्य सरकारने 'महाराष्ट्र जनुक कोष' प्रकल्पाला सुमारे १७२ कोटी रुपये मंजूर केले, त्यातही स्थानिक बियाण्यांचा विषय आहे. राहीबाईंनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे ना प्रस्ताव होता ना हप्ता.

तुमच्या वावरात ट्रायल घ्यायला आले तर

विद्यापीठाचे किंवा बाभळेश्वर, दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्राचे लोक प्रात्यक्षिकासाठी प्लॉट मागतात. जरूर द्यावा, नवीन वाण आपल्या जमिनीत कसा येतो ते आधी कळतं. फक्त हो म्हणण्याआधी विचारून घ्या. प्रकल्प कुणाचा आणि किती वर्षांचा? बियाणं-औषधाशिवाय मजुरी मिळणार का? पीक गेलं तर नुकसान कुणाचं? शेजारी जुन्या वाणाचा पट्टा ठेवायचा का? आणि निकाल आपल्याला कधी, कुठल्या भाषेत मिळणार? उत्तरं कागदावर लिहून घेतलेली बरी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारात आजवर किती अभ्यासक प्रश्नावल्या भरून गेले, पण आपल्या गावावरचा प्रबंध किती गावकऱ्यांनी वाचला असेल?

प्रबंध वाचायचा असेल तर 'शोधगंगा' वेबसाइटवर विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध फुकट मिळतात, आणि शेतीचे 'कृषिकोष'वर. बरेचसे इंग्रजीत आहेत, पण कॉलेजातल्या पोराला हाताशी धरून शेवटची शिफारशींची पानं वाचून घेता येतात.

प्रकल्पाच्या खर्चाची माहिती हवी असेल तर माहिती अधिकार आहेच. राज्यातल्या विद्यापीठासाठी जोडपत्र 'अ' भरायचं आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. "सगळ्या प्रकल्पांची सगळी माहिती द्या" असं लिहिलं की अर्ज लटकतो. एका प्रकल्पाचं नाव घेऊन मंजुरीचं पत्र, कप्प्यानुसार खर्च, उपयोगिता प्रमाणपत्र आणि अंतिम अहवाल, या चारच गोष्टी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. अजून न छापलेल्या संशोधनाची आकडेवारी द्यायला नकार मिळू शकतो. खर्चाचा हिशोब मात्र मागता येतो.