शिधापत्रिका आणि भिंत

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना आपल्या घरी दडवून ठेवणाऱ्या कुटुंबांच्या हकीकती वाचताना आपले लक्ष प्रथम चोरकप्प्यांकडे आणि पोटमाळ्यांकडे जाते. परंतु ज्या माणसाचे अस्तित्वच सरकारपासून लपवावयाचे, त्याच्या तोंडी रोज घास कसा घालावयाचा, हा प्रश्न भिंतीहून बिकट होता; आणि त्याचे उत्तर कचेरीतील टेबलावर होते.

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड व्यापले. तेथील लोकसंख्येची नोंद आधीच अत्यंत चोख होती. याकोब लेन्ट्स या डच अधिकाऱ्याने ओळखपत्रही असे सिद्ध केले की, त्याची नक्कल करणे महाकठीण व्हावे. १९४१ पासून ते सक्तीचे झाले आणि ज्यूंच्या पत्रावर ‘जे’ या अक्षराचा शिक्का बसला. देशातील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून अधिक मारले गेले. अचूक दप्तराने त्या कामी मोठा हातभार लावला.

हार्लेम शहरात कॅस्पर टेन बोम हे वृद्ध, भाविक घड्याळजी बेट्सी व कोरी या आपल्या मुलींसह दुकानाच्या वरच राहत. त्यांनी आश्रितांसाठी दार उघडले. कोरींच्या शयनगृहात खोटी भिंत उभारून तिच्यामागे जेमतेम उभे राहण्यापुरती जागा करण्यात आली. पण शिधापत्रिकेवाचून अन्न मिळेना. तेव्हा कोरी शिधावाटप कचेरीतील एका परिचिताकडे गेल्या. पाच पत्रिका मागावयाच्या असे मनात होते, तोंडून शंभर निघाले, असे त्या आपल्या आठवणींत सांगतात. त्या गृहस्थाने लुटीचा बनाव रचून शंभर दिल्या!

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी घरावर धाड पडली. भिंतीमागील सहा जण जवळजवळ दोन दिवस तेथेच अडकून होते. त्या धाडीत ते सापडले नाहीत. ८४ वर्षांचे कॅस्पर मात्र दहा दिवसांतच कैदेत असताना वारले, आणि बेट्सी त्याच डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छावणीत. कोरी तेवढ्या परतल्या.

मीही कारकूनच. माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसते, याचा मला अभिमान वाटत आला आहे. लेन्ट्सलाही तो वाटत असेल. हा इतिहास वाचल्यापासून मात्र, नवा तक्ता भरावयास घेताना तो कोणी व कशासाठी मागविला आहे, हे मी आधी वाचून पाहतो.