डिंक नव्हे, राखणदार!

आज एका नावाची गोष्ट. नाव चुकलं की माणसाचं काय होतं, ते आपण बघतोच. इथे नाव चुकलं एका पेशीचं. आणि ती पेशी आत्ता, या क्षणी, तुमच्या डोळ्यात काम करतेय.

साल १८५१. आजच्या जर्मनीतलं वुर्झबर्ग शहर. हाइनरिख म्युलर नावाचे शरीरशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बघत होते. हा पडदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. त्यात त्यांना मांडवाच्या खांबांसारखे उभे धागे दिसले. याच त्या म्युलर पेशी.

त्याच शहरात काही वर्षं शिकवणाऱ्या रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५६ मध्ये चेतापेशींच्या मधल्या भागाला नाव दिलं, न्यूरोग्लिया. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत डिंक. झालं! डिंकाचं काम काय, तर चिकटवणं. मग पुढची कित्येक वर्षं सगळं कौतुक चेतापेशींचं, आणि ग्लिया नुसती भरावाला.

आता थेट १९५७ मध्ये येऊ. ल्यूकस आणि न्यूहाउस या दोन संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांना सोडियम ग्लुटामेट टोचलं. हो, चायनीजच्या गाडीवर चवीला घालतात तेच! (घाबरू नका, इथे ते खायला दिलं नव्हतं, इंजेक्शननं टोचलं होतं.) पिल्लांच्या रेटिनातले आतले थर मेले.

गंमत बघा. रेटिनातल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देतात, तोही ग्लुटामेटनेच! म्हणजे ज्याच्यावर बोलणं चालतं, तेच साचलं तर विष. मग आपण रोज बघतो, तरी आंधळे का होत नाही?

कारण तो ‘डिंक’. म्युलर पेशी निरोप पोचल्यावर उरलेलं ग्लुटामेट शोषून घेतात, त्याचं निरुपद्रवी ग्लुटामिन करतात आणि ते चेतापेशींना परत देतात. त्यातूनच पुन्हा नवं ग्लुटामेट बनतं. साफसफाई आणि रिसायकलिंग, दोन्ही एकाच घरात.

२००७ मध्ये जपानी संशोधकांनी याची परीक्षाच घेतली. ग्लुटामेट शोषणारं म्युलर पेशींमधलं प्रथिन ज्यांच्यात नाही, असे उंदीर त्यांनी तपासले. डोळ्यातला दाब वाढलेला नव्हता, तरीही मेंदूकडे निरोप नेणाऱ्या चेतापेशी मरत गेल्या. अगदी काचबिंदूत मरतात तशा.

हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण माणसात या चेतापेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. काचबिंदूत गेलेली नजर म्हणूनच परत मिळत नाही. आणि काही जणांना तो दाब नॉर्मल असतानाही होतो. आज उपचार मुख्यतः दाब कमी करण्याचाच आहे. पण या राखणदारांनाच बळ देता येईल का, यावरही आता काम चालू आहे.

तोवर एक करा. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर स्वतःचे डोळे तपासून घ्या. नुसता दाब नाही, आतली नसही बघायला सांगा.

भेटू पुढच्या भागात!