मार्शल विद्यापीठ फुटबॉल संघ : १९७१ चा हंगाम

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथील मार्शल विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, मुख्य प्रशिक्षक जॅक लेंग्येल यांच्या हाताखालचा पहिला हंगाम. दहा सामन्यांत दोन विजय आणि आठ पराभव एवढीच त्याची नोंद असली, तरी अमेरिकी महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासात याहून अवघड हंगाम क्वचितच सापडेल.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी ईस्ट कॅरोलायनाविरुद्धचा सामना खेळून परतणारे संघाचे विमान हंटिंग्टनच्या विमानतळाजवळ टेकडीवर कोसळले. विमानातील सर्व ७५ जण दगावले. त्यांत ३७ खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक रिक टॉली होते. गावातले डॉक्टर, व्यापारी आणि संघाचे इतर पाठीराखेही याच विमानात असल्याने अनेक मुले एका रात्रीत पोरकी झाली. संघ बंद करावा, असा विचार विद्यापीठात गंभीरपणे झाला. मागे राहिलेल्या विद्यार्थी-खेळाडूंनी, विशेषतः दुखापतीमुळे त्या प्रवासाला न गेलेल्या नेट रफिन यांनी, संघ टिकवण्याचा आग्रह धरला.

लेंग्येल ओहायोतील वूस्टर या छोट्या महाविद्यालयातून आले. त्यांच्याआधी नेमलेले प्रशिक्षक काही दिवसांतच माघारी गेले होते. साहाय्यक प्रशिक्षक रेड डॉसन ईस्ट कॅरोलायनाच्या सामन्यानंतर मोटारीने निघाल्यामुळे वाचले होते. मनावरचे ओझे घेऊनही ते या हंगामापुरते थांबले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्यास त्या काळी मनाई होती. महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्शलसाठी हा नियम शिथिल केला, म्हणूनच संघ उभा राहू शकला. इतर खेळांतले खेळाडू आणि शिष्यवृत्तीविना आलेली मुलेही त्यात होती. ‘यंग थंडरिंग हर्ड’ (गडगडत धावणारा तरुण कळप) हे नाव त्यातूनच पडले.

या पोरसवदा संघाला अंगबळावर चालणारा खेळ झेपेना. तेव्हा लेंग्येल यांनी ‘व्हीअर’ ही आक्रमणपद्धती स्वीकारली. तिच्यात क्वार्टरबॅक समोरच्या बचावपटूची हालचाल पाहून ऐनवेळी निर्णय घेतो, त्यामुळे चपळाईला महत्त्व येते. ही पद्धती त्यांना वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांनी मोकळ्या मनाने समजावून दिली. आपले डावपेच शेजारच्या संघापुढे उघडे करण्याचा हा मोठेपणा आवर्जून नोंदवायला हवा.

पहिल्या सामन्यात मोरहेड स्टेटने मार्शलला २९-६ असे हरवले. २५ सप्टेंबरला फेअरफील्ड स्टेडियमवर झेव्हियरविरुद्ध घरच्या मैदानावरचा पहिला सामना झाला. अखेरच्या खेळीआधी मार्शल ९-१३ असा मागे होता. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर उजवीकडे धावला, बचावफळी त्याच्यामागे सरकली आणि त्याने चेंडू डावीकडे टेरी गार्डनरकडे टाकला. जॅक क्रॅबट्रीने वाट मोकळी करून दिली, गार्डनर १३ यार्ड धावत गोलरेषेपार गेला. टचडाउनचे सहा गुण मिळाले, वेळ संपली होती : मार्शल १५, झेव्हियर १३. प्रेक्षक मैदानात उतरले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

पुढे मियामी (ओहायो) संघाने ६६-६ असा दणदणीत पराभव केला. ऑक्टोबरअखेर बोलिंग ग्रीनवरचा १२-१० हा दुसरा आणि शेवटचा विजय ठरला.

लेंग्येल १९७४ पर्यंत मार्शलमध्ये राहिले. चार हंगामांत संघाने ९ सामने जिंकले, ३३ गमावले. केवळ या आकड्यांवरून त्यांची योग्यता ठरवणे अन्यायाचे होईल, कारण ते आले तेव्हा जिंकायला संघच नव्हता. २००६ मधील ‘वी आर मार्शल’ या चित्रपटात त्यांची भूमिका मॅथ्यू मॅकॉनहे यांनी केली. अपघातानंतर पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला पहिला हंगाम मार्शलला १९८४ मध्ये लाभला आणि १९९२ व १९९६ साली संघाने आपल्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले.