बेंजामिन-फेअर अस्थिरता

बेंजामिन-फेअर अस्थिरता म्हणजे खोल पाण्यावरून एका लयीत पुढे सरकणारी, समान उंचीच्या लाटांची मालिका अल्पशा क्षोभाने विस्कळीत होण्याची प्रवृत्ती होय. टी. ब्रूक बेंजामिन आणि जे. ई. फेअर यांनी ती १९६७ साली दाखवून दिली.

पार्श्वभूमी

१८४७ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी आकार न बदलता पुढे जाणाऱ्या आवर्ती लाटांचे गणित मांडले. या लाटांची शिखरे टोकदार व दऱ्या पसरट असतात. त्यांचे अस्तित्व १९२० च्या दशकात नेक्रासोव्ह आणि लेव्ही-चिविता यांनी सिद्ध केले. मात्र समीकरणाला उत्तर असणे आणि ते निसर्गात टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. शंकू टोकावर तोलता येतो, पण किंचित धक्क्याने तो कोसळतो.

बेंजामिन व फेअर यांच्या प्रयोगात लांब टाकीच्या एका टोकाला निर्माण केलेल्या एकसारख्या लाटा सुमारे ६० मीटर अंतरावर पार विस्कटलेल्या आढळल्या.

स्वरूप

मूळ लाटेच्या वारंवारितेहून किंचित कमी व किंचित अधिक वारंवारितेच्या दोन क्षीण लाटा तिच्याकडून ऊर्जा घेऊन घातांकी वेगाने वाढतात. परिणामी लाटांचे गट पडतात. सुमारे ६३ मीटर लांबीच्या व २ मीटर उंचीच्या लाटांवरील सर्वांत वेगवान क्षोभ सुमारे २०० सेकंदांत २.७ पट होतो. लाट जितकी चढी, तितकी ही वाढ जलद असते.

खोलीचा प्रभाव

लाटेच्याच दिशेतील क्षोभांचा विचार केल्यास, तरंगलांबी खोलीच्या सुमारे ४.६ पटीहून कमी असेल तरच ही अस्थिरता उद्भवते. म्हणून कोकण किनाऱ्यालगत १० मीटर खोल पाण्यात ४६ मीटरहून लांब लाटांना ती लागू होत नाही.

गणितीय सिद्धता

मर्यादित खोलीसाठी काटेकोर सिद्धता ब्रिजेस व मिल्के यांनी १९९५ मध्ये दिली. अमर्याद खोलीसाठी ती न्गुयेन व स्ट्रॉस यांनी दिली. २०२२ मध्ये बर्टी, मास्पेरो व व्हेंतुरा यांनी अस्थिर आयगेन मूल्ये संमिश्र प्रतलावर इंग्रजी आठच्या आकाराचा वक्र रेखतात, हे सिद्ध केले.

महत्त्व

समुद्रात अकस्मात उसळणाऱ्या महाकाय लाटांचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. तथापि खऱ्या समुद्रात लाटा अनेक दिशांनी येत असल्याने तिचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.